दाताखालचा पदर

आबांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, दाढा राहत. वाटेत कुणी भेटला की ते क्षणभर त्याच्या तोंडाकडं बघायचे आणि म्हणायचे, "तू उजव्यानं चावणारा. सुताराचा धाकला." बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. एकदा आमच्याकडचे एक सोयरे दाढ काढून आले होते, त्यामुळं त्यांची चावायची बाजू बदलली होती. आबांनी त्यांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि जेवण अर्ध्यावर आल्यावर विचारलं, "तुमी कोण म्हनलात?" सोयरे वीस वेळा आमच्या घरी जेवलेले. ते रुसले, आणि पुढं कितीतरी दिवस आमच्याकडं फिरकले नाहीत.

हे आबा म्हणजे माझे चुलत सासरे, माझ्या सासऱ्यांचे थोरले चुलत भाऊ. गाव डोंगरकडा, राज्य निझामाचं. आबांची बायको लवकर गेलेली, लेकरूबाळ नाही. आमच्या समोरच्या बोळात त्यांची एक खोली होती आणि दोन्ही वेळचं जेवण आमच्या ओसरीवर. आणि ते जेवण काय सांगू. एकेक घास ते इतका चावायचे की सासरे जेवून, हात धुवून, पान खाऊन, लवंडून उठले तरी आबांच्या ताटात अर्धी भाकर असायचीच. घरातल्या बायकांनी जेवायचं ते गड्यांचं झाल्यावर. पोटात कावळे ओरडत असायचे आणि दाराआड उभी राहून मी मनातल्या मनात म्हणायची, गिळा हो आबा, गिळा एकदाचं.

जबड्याचं हे वेड त्यांना बैलांपासून लागलं. जवळच्या तांड्यावर एक म्हातारा होता, जवानीत बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूख हिंडलेला. त्यानं आबांना शिकवलं की बैल घ्यायचा तर पाय नंतर बघ, आधी त्याच्या कानाखाली हात ठेव आणि कडब्याची एक पेंढी पुढं टाक. चावताना हाताखाली मांसाचा गोळा टणक लागला तर बैल कामाचा. ढिला लागला तर कितीही देखणा असो, सोडून दे. आबा बाजारात ह्याच हातानं बैल पारखायचे आणि लोक त्यांच्या शब्दावर बैल घ्यायचे. मग कधीतरी तो हात बैलाच्या गालावरून माणसाच्या गालावर आला.

लग्नाच्या पंगतीत आबा जेवायला बसत नसत. हात मागं बांधून पंगतीच्या कडेकडेनं फिरायचे आणि जेवणाऱ्यांची तोंडं बघायचे. यजमानाला वाटायचं, म्हातारा वाढप्यांवर नजर ठेवून राहिला, किती आपुलकी. एका नवरदेवाच्या तर ते मागंच लागले. बोहल्यावर चढायच्या आधी त्याच्या हातात फुटाणे दिले आणि म्हणाले, "चाव." पोरगं बिचारं मुंडावळ्या बांधून फुटाणे चावत बसलं. आबांनी त्याच्या कानशिलावर बोटं ठेवली, डोळे मिटले आणि मुलीच्या बापाला सांगितलं, "द्या पोरगी. पोरगं टिकाऊ हाय." बापाच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे.

पण हसण्यावारी न्यावं असंही नव्हतं. मारुतीच्या देवळात एकदा भजन चाललेलं असताना मृदंगवाल्यानं मोठी जांभई दिली आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. लाळ गळायला लागली. लोक घाबरले, कुणी अंगारा आणायला पळाला. आबांनी त्याला भिंतीला टेकवून खाली बसवलं, स्वतःच्या दोन्ही अंगठ्यांना धोतराची चिंधी गुंडाळली, अंगठे त्याच्या मागच्या दाढांवर ठेवले आणि खाली दाबून मागं ढकललं. खट्. जबडा बसला, पण बसताना तो अंगठ्यांवरच मिटला. तो मृदंगवाला नुसता हाडाचा सापळा होता, तरी आबा आठवडाभर अंगठे तेलात बुडवून हिंडत होते. वर खूश होऊन सांगायचे, "काय चावला लेकाचा. गड्याचा जबडा म्हंजे बराबर बैलाचा."

शेवटी शेवटी, निझामाचं राज्य गेलं तेव्हा, फौजेच्या गाड्या वारंग्याच्या फाट्यावरून जाणार अशी आवई उठली. सगळा गाव झेंडे घेऊन पळाला. आबाही काठी टेकत गेले. आल्यावर लोकांनी विचारलं, काय पाहिलं? आबा म्हणाले, "पंजाबी पोरं होती. हरभरे खात होती. दोन्हीकून चावत्यात." स्वातंत्र्याबद्दल त्यांना एवढंच सांगायचं होतं.

त्या वर्षांत त्यांच्याकडं गड्यांपेक्षा बायकाच जास्त यायला लागल्या होत्या, परसदारानं, पदर सावरत. गड्यांचं दुखणं तोंड उघडण्यातून यायचं, बायकांचं मिटण्यातून, असं आबा तेव्हा म्हणायचे. पण त्याआधी ह्या माणसानं एका बाईच्या जबड्याबद्दल मोठी चूक केली होती. ती बाई मी. ते नीट सांगितल्याशिवाय आबा कळायचे नाहीत.

माझं माहेर साखऱ्याचं. लग्नाला दुसरं वर्ष असेल. सासर खाऊनपिऊन सुखी, माणसं वाईट नाहीत. फक्त रीत कडक. सासऱ्यांसमोर, आबांसमोर, गावातल्या कुठल्याही थोरल्या माणसासमोर तोंड दिसता कामा नये. आता तोंड झाकायला पदर पुढं ओढला, तर तो धरायचा कशानं? एका हातात घागर, दुसऱ्या हातात लेकरू नाहीतर शेणाची पाटी. मग पदराचं टोक दातात. आमच्याकडच्या सगळ्याच बाया तसं करायच्या. गडीमाणूस घरात शिरताना दाराशी खाकरायचा, की आतल्या बाया कामात असतील तशा पदराचं टोक पकडायच्या दातांत. आणि आमच्या घरी तर आबा दिवसातून दहादा यायचे. ते नुसते बसलेले असले तरी मी भाकरी थापायची ती दातात पदर धरून. ह्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही. श्वास घेतो तसंच ते.

पहिल्यांदा सकाळी गाल जड वाटायला लागला. मग जांभई देताना कानाशी कटकट वाजायला लागलं. मग कानशील ठणकायचं, इतकं की जात्याच्या पाळीवर कपाळ टेकवून बसावंसं वाटायचं. आणि श्रावणात एके दिवशी भाकर तोंडाशी नेली तर तोंड उघडेचना. एक बोट जेमतेम आत जाईल एवढंच. मी भाकर पाण्यात भिजवून बोटानं आत सारली. दुसऱ्या दिवशीही तेच. चार दिवसांनी सासूबाईंच्या लक्षात आलं.

सासूबाई माझ्याशी कधी वाईट वागल्या नाहीत, पण लाडही केले नाहीत. कमी बोलणारी, ताठ बाई. त्या म्हणाल्या, "जेवत काहून न्हाईस? माझ्या हाताला चव न्हाई का?" मी सांगितलं, तोंड उघडत नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बोलायला तर उघडून राहिलं."

आता हे सांगितलंच पाहिजे की आमच्याच आळीतली एक सून अशीच माहेरी पाठवली होती. तिला फिट्स यायच्या. 'बरी झाली की घेऊन येऊ' असं म्हणून गाडी जुंपली आणि पुढच्या लग्नसराईत नवऱ्यानं दुसरी केली. तिला कुणी टाकलं असं कुणी म्हटलं नाही. ती फक्त बरी झाली नाही, एवढंच. त्यामुळं सासऱ्यांनी एका संध्याकाळी "पोळा झाला की हिला साखऱ्याला पोचवू, बरी झाली की आणू" असं म्हटलं, तेव्हा त्याचा अर्थ मला बरोबर कळला. माझे मालक तिथंच बसले होते. ते खाली मान घालून दोरी वळत राहिले. बापासमोर बोलायची त्यांची रीत नव्हती आणि मला त्यांचा त्या घटकेला मनस्वी राग आला, हेही सांगते.

मग सासूबाईच म्हणाल्या, "भावजींना तरी दाखवा एकदा. गावाचे जबडे बघत्यात."

आता ते दाखवणं कसं झालं ते ऐका. आबा बाईच्या गालाला हात लावणार नाहीत. माझं तोंड बघणार नाहीत. सासूबाई आबांच्या धाकट्या भावाची बायको, म्हणून ते त्यांच्याशीही सरळ बोलणार नाहीत. मी स्वयंपाकघरात भिंतीशी बसले. सासूबाई माझ्यासमोर. दाराच्या पलीकडं ओसरीवर सासरे आणि आबा, आमच्याकडं पाठ करून. आबा सासऱ्यांना सांगायचे, सासरे आत सांगायचे, सासूबाई हात लावायच्या, आणि उत्तर त्याच वाटेनं परत जायचं.

"इचार, कानाच्या खाली हात ठेवला का."

"ठेवला का?"

"ठेवला जी."

"इचार, हाताला गोळा लागतो का."

"लागतो जी. निस्ता दगड हाय."

"दोन्हीकून?"

"व्हय, दोन्हीकून."

आबा मोठ्यानं म्हणाले, "मग काही न्हाई. जबडा पक्का हाय. गड्यापरीस पक्का. बिमार जबडा ढिला लागत असतो. हिला माहेराची याद येऊन राहिली असंल."

सासूबाईंनी हात काढून घेतला. मी बोलायला तोंड उघडायला गेले, पण ओसरीवर दोन थोरली माणसं आणि माझ्या दातात पदर. सासूबाईंचा हात पदराखालून गालावर चाललेला, पदर मागं सरकायला लागलेला, म्हणून मी तो आणखीच घट्ट चावून धरलेला. तो दगड सासूबाईंच्या हाताला का लागला हे मलाही तेव्हा कळलं नाही. कळलं असतं तरी सांगणार कुणाला, दातात पदर धरून?

त्या दिवसापासून घरात मी ढोंगी ठरले. कुणी शिव्या दिल्या नाहीत. उलट सगळे जरा जास्तच नीट बोलायला लागले, जाणाऱ्या माणसाशी बोलतात तसं. सासूबाईंनी माझ्यासाठी एक लुगडं काढून ठेवलं, साखऱ्याला न्यायला. ते लुगडं बघून मला जेवढं रडू आलं तेवढं माहेर सोडतानाही आलं नव्हतं.

पोळ्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. घरचे सगळे शेतात. मी परसात आडावर पाणी शेंदत होते. कुणी नव्हतं, म्हणून पदर खांद्यावर टाकलेला. पोहरा वर घेतला आणि कानशिलात अशी कळ आली की पोहरा तसाच काठावर ठेवून मी दोन्ही हातांनी गाल धरून बसले. तोंडानं आवाज निघत होता, जनावराचा निघतो तसा. मागच्या गोठ्यात आबा बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावत होते हे मला माहीत नव्हतं.

रिकाम्या परसात कुणी ढोंग करत नसतं, एवढं आबांना कळलं असणार. ते गोठ्यातून बाहेर आले आणि रीतीप्रमाणं खाकरले. खाकरल्याबरोबर मी उठले, पाठ फिरवली, पदर ओढला, टोक दातात. आबा जागीच थांबले. मग उलटे फिरून गोठ्यात गेले. मी पदर सोडला, गाल चोळला. ते पुन्हा बाहेर आले, पुन्हा खाकरले. मी पुन्हा पदर धरला. असं त्यांनी किती वेळा केलं देव जाणे. मला वाटलं म्हाताऱ्याला उबळ आली. शेवटी ते दूर, तिरपे उभे राहिले, बाजारात बैल बघताना उभे राहायचे तसे. पदर चावला की ताणलेल्या पदराखालूनही माझ्या कानाखाली गोळा वर यायचा, आणि पदर सोडला तरी तो लगेच खाली जायचा नाही, हे त्यांनी तिथून बघितलं. बाईच्या गालाकडं असं बघणं पाप, पण त्या वेळी त्यांना त्याचं भान नव्हतं. मला तरी कुठं होतं.

दुसऱ्या दिवशी आबांनी उपरणं डोक्यावरून घेतलं आणि त्याचं टोक दातात धरलं. उजाडल्यापासून. तसेच ते शेतात गेले, तसेच चावडीवर बसले, तसेच बैलांना नदीवर धुऊन आणलं. कुणी बोललं तर हातानं खुणा. गावात बोलबाला झाला की आबांनी पोळ्याचं मौन धरलं. पोरं मागं लागली, बायाबापड्या पाया पडल्या. आबा कुणाकडं बघत नव्हते. संध्याकाळी आमच्याकडं जेवायला आले, ओसरीवर बसले, उपरण्याचं टोक काढलं. ते ओलं चिंब आणि फाटलेलं. ताटातला भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. एवढा फुटाणे फोडणारा माणूस, त्याला भाकर चावेना. दोन्ही हातांनी त्यांनी गाल धरले.

मग सासऱ्यांना म्हणाले, "म्या चुकलो."

सासरे म्हणाले, "काय चुकलात?"

"म्या आजवर गड्याचे जबडे बघितले अन् बैलाचे. बाई जेवताना कशी दिसते, मला ठाव न्हाई. बायको होती तवा बी ती माझ्या मागून जेवायची. कधी बघितलंच न्हाई." ते हळू बोलत होते, प्रत्येक शब्दाला तकलीफ होत होती. "बैलाचा गोळा टणक लागतो, कारण तो काम करतो अन् मग इसावा घेतो. हिचा गोळा टणक, कारण तिला इसावाच न्हाई. मांस बारीक, अन् सारा दिस ताणलेलं. मळणीला आपण बैलाच्या तोंडाला मुसकं बांधतो, पर सांजच्याला सोडतो का न्हाई? आपल्या घरातल्या बायांचं कोण सोडतं?"

दाराआड मी आणि सासूबाई.

"हिला साखऱ्याला धाडू नको," आबा म्हणाले. "हिची बिमारी साखऱ्यात न्हाई, ह्या ओसरीवर हाय. माझ्यात हाय. आजपासून माझ्यासमोर हिनं पदर दातात धरायचा न्हाई."

"गाव काय म्हणंल?" सासरे म्हणाले. सासरे वाईट नव्हते. ते खरंच घाबरले होते.

"गाव काय बी म्हणू दे. मला हिला जेवताना बघायचंय. बघितल्याबिगर कळायचं न्हाई, कोणत्या बाजूचं किती दुखतंय. उद्या पोळा हाय. पुरणपोळी मऊ असती. हिला ओसरीवर जेवायला बसीव."

सासरे हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. सकाळी बैलांची मिरवणूक झाली, ओवाळणं झालं, बैलांना पुरणपोळीचा घास दिला. गोठ्यापुढं छकडा दुसऱ्या दिवशीसाठी तयार उभा होता, कारण साखऱ्याला जायचं ठरलं ते कुणी मोडलं नव्हतं. आणि दुपारी आबांनी स्वतःच्या हातानं ओसरीवर पाट मांडला. मी बसले. पदर डोक्यावर, पण दातात नाही. दुधात कुस्करलेल्या पोळीचा पहिला घास मांडीवरच सांडला. मालक खांबाशी उभे होते. मला ठसका लागला तसे ते पुढं आले आणि सगळ्यांदेखत पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवून गेले. बापासमोर.

आबा एका बाजूला बसून बघत होते, पंगतीत बघायचे तसेच. "डाव्यानं चाव. हळू. आता थांब. दुखलं?" मी मान हलवली. "उजवी जास्ती हाय," ते स्वतःशीच म्हणाले. "गरम मिठाच्या पुरचुंडीनं शेकायचं. भाकर भिजवून. अन् पदराचं मुसकं बंद."

मग त्यांनी दाराकडं बघितलं. तिथं सासूबाई उभ्या होत्या, आबांसमोर म्हणून पदराचं टोक दातात. आबा त्यांच्याशी आयुष्यात कधी सरळ एक शब्द बोललेले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"तू बी ये, माय. बस."

सासूबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. सासऱ्यांनी मान खाली घातली. सासूबाई आल्या, माझ्याशेजारी पाटावर बसल्या, ताठच. दातातला पदर काढला. मी त्यांच्या ताटात पुरणपोळी वाढली. त्यांनी तुकडा मोडला, तोंडात घातला आणि पुढच्या दातांनी तो कुरतडत राहिल्या. दाढांकडं घास जातच नव्हता. जबडा एका बाजूला घसरायचा, थांबायचा, मग परत यायचा. कानाशी होणारा आवाज शेजारी मला ऐकू येत होता. मी ह्या बाईच्या घरात दोन वर्षं राहिले होते, पण त्यांच्या ताटाकडं मी कधी नीट बघितलं नव्हतं; सासऱ्यांचं तर विचारूच नका. त्यांच्या थोरल्या मुलाचं, म्हणजे माझ्या मालकांचं, लग्न झालेलं, आणि स्वतःच्या बायकोला जेवताना ते आज पहिल्यांदा बघत होते.

सासऱ्यांनीच विचारलं, "कवापासून?"

सासूबाईंनी घास गिळला. "थोरला पोटात होता तवापासून."

"सांगितलं काहून न्हाई?"

सासूबाईंनी पोळीचा दुसरा तुकडा मोडला. सासरे उठले, अंगणात गेले आणि गड्याला म्हणाले, "छकडा आत लाव. उद्या कुठं जायचं न्हाई."

सासूबाईंनी ताटातली पोळी माझ्यापुढं सरकवली.

"मला बी दुधात कुस्करून दे गं," त्या म्हणाल्या.